हार्नी काउंटीचा सातबारा वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याहून तुम्ही दोघं मेअखेरीस मुलीकडे अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीला येताय. जावई दोन दिवस काढून शेजारच्या ऑरेगन राज्यातल्या हार्नी काउंटीत 'खरा रँचचा मुलूख' दाखवायला नेणार आहेत. तुम्ही आधी थोडं वाचून घ्यावं म्हणून बसलात आणि गोंधळलात. पीटर फ्रेंच हा माणूस एकीकडे 'गुरांचा राजा' म्हणून भेटला, दुसरीकडे सरळ जमीनचोर म्हणून. यातला खरा कोणता? आणि शेवटी तुमचा टोमणा: "आमचा वाडाच पावणेदोनशे वर्षांचा आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या गोठ्याला वारसा कशाला म्हणायचं?"

माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून मी कोण ते आधी सांगते. मी इतिहासाची अभ्यासक नाही. सांगलीत एका वकिलांकडे सर्च रिपोर्ट करायचे. जुने सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, तलाठ्याच्या अक्षराशी झटापट. लग्नानंतर बॉयसीला आले आणि नशिबानं इथेही तेच काम मिळालं. इथे त्याला टायटल सर्च म्हणतात. बावीस वर्षं आयडाहो आणि पूर्व ऑरेगनमधल्या जमिनींचे कागद वाचण्यात गेली. त्यामुळे कुठलाही मुलूख बघताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो 'नोंद कुणाच्या नावावर, वहिवाट कुणाची?'

तुमचा घोळही मला तिथेच दिसतो. फ्रेंच भला की बुरा, हे तुम्ही त्याच्या स्वभावात शोधताय. ते कागदात शोधा, आणि कागदाच्याही आधी पाण्यात.

आवाका लक्षात घ्या. हार्नी काउंटी साधारण २६,५०० चौरस किलोमीटरची आहे. आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो १७,००० च्या आसपास. म्हणजे नगरच्या दीडपट प्रदेश, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं होती साडेसात हजारांच्या आत-बाहेर. जवळपास तीन चतुर्थांश जमीन आजही केंद्र सरकारची. आपल्या भाषेत सांगायचं तर तालुकेच्या तालुके गायरान.

आता पाणी. दक्षिणेला स्टीन्स नावाचा डोंगर आहे, ९,७३३ फूट. त्याचा बर्फ वितळून ब्लिट्झन नदीनं उत्तरेकडे मॅल्ह्यूर तलावात येतो आणि तिथेच संपतो. समुद्राकडे वाटच नाही. पावसाळी वर्षात तलाव मैलोन् मैल पसरतो, कोरड्या वर्षात आकसून चिखल होतो. नदीकाठचा पट्टा ओला, गवताळ. बाकी सगळं माळरान, सेजब्रशची खुरटी झुडपं. उन्हाळ्यात गुरं माळावर कुठेही जगतात, पण हिवाळ्यात बर्फ पडल्यावर त्यांना वैरण लागते, आणि वैरण फक्त ओल्या पट्ट्यात होते. म्हणून नदीकाठचे हजार एकर ज्याच्या हातात, त्याच्या हातात भोवतालचे लाख एकर आपोआप. कागदावर नाव नसलं तरी. एवढं एक गणित डोक्यात ठेवलंत की पुढचा सगळा इतिहास आपसूक उलगडतो.

१८७२ साली कॅलिफोर्नियातल्या डॉ. ह्यू ग्लेन नावाच्या बड्या जमीनदाराचा तरुण माणूस, तेवीस वर्षांचा पीटर फ्रेंच, सुमारे १,२०० गुरं आणि काही मेक्सिकन व्हाकेरो, म्हणजे गुराखी, घेऊन या खोऱ्यात उतरला. तिथे पोर्टर नावाचा एक कंटाळलेला माणूस होता. त्याची थोडी गुरं आणि त्याचं 'पी' अक्षराचं डागणीचं चिन्ह फ्रेंचनं विकत घेतलं. पी रँच हे नाव तिथून आलं. बहुतेकांना वाटतं पी म्हणजे पीटर. तसं नाही, तो पोर्टरचा पी. गाईडनं चुकीचं सांगितलं तर गालातल्या गालात हसा.

सोबत आलेल्या व्हाकेरोंबद्दल फलकांवर कमी लिहिलेलं असतं, म्हणून मीच जरा जास्त सांगते. इथे गुराख्याला काउबॉय म्हटलं तर जुनी माणसं नाक मुरडतात. इथला शब्द 'बकारू', आणि तो म्हणजे तोंडातोंडी घासलेला 'व्हाकेरो'. स्पॅनिश 'ला रियाता' म्हणजे चामड्याचा विणलेला दोर, त्याचं झालं लॅरिएट. 'मेकाते' म्हणजे घोड्याच्या केसांचा लगामदोर, त्याला इथली माणसं चक्क 'मकार्टी' म्हणतात, जणू कुण्या आयरिश शेजाऱ्याचं नाव. दोर गळ्यात पडला की त्याचे वेढे खोगिराच्या मुठीला मारायचे, ते 'दार ला व्हुएल्ता', त्याचं 'डॅली'. आपण पोर्तुगीजांकडून चावी, बिजागरी, पगार घेतले आणि विसरून गेलो, तसंच हे. ज्या माणसांनी धंदा शिकवला त्यांची नावं फारशी उरली नाहीत, पण त्यांच्या हत्यारांची नावं रोज घेतली जातात.

आता तुमचा 'जमीनचोर'. फ्रेंचनं जमीन मिळवली त्यातला मोठा भाग 'स्वॅम्प लँड' कायद्याखाली. केंद्र सरकारनं दलदलीच्या जमिनी राज्यांना दिल्या, १८६० मध्ये हा कायदा ऑरेगनला लागू झाला, आणि राज्यानं त्या एकरी डॉलरच्या आसपास विकायला काढल्या. हेतू असा की कुणीतरी निचरा करून जमीन लागवडीखाली आणेल. अडचण इतकीच, की दलदल कशाला म्हणायचं? एप्रिलमध्ये पाहणी केली तर अर्धं खोरं पाण्याखाली. ऑगस्टमध्ये त्याच जागी तुम्ही चप्पल घालून चालाल. पश्चिमेत एक किस्सा अनेक जमीनदारांच्या नावावर खपवतात: बैलगाडीवर होडी ठेवायची, होडीत बसून माळ ओलांडायचा आणि शपथेवर सांगायचं, 'ही जमीन मी होडीतून पार केली.' खरा असो नसो, कायद्याचं भोक त्यात नेमकं दिसतं. साधा वसाहतवाला १६० एकरांचा दावा करायचा, त्यावर घर बांधून पाच वर्षं राहून दाखवायचा. पैसेवाला मात्र हजारो एकर दलदल म्हणून एका सहीत घ्यायचा. फ्रेंचच्या ताब्यात शेवटी लाख एकरांहून जास्त जमीन होती.

मग तो चोर होता का? माझ्या धंद्यात या शब्दाला जपून हात लावतात. त्यानं जे केलं ते बहुतांशी कायद्याच्या चौकटीत बसलं, कारण चौकटच तशी होती. पण एका प्रकरणात कागदच त्याच्या अंगावर आला. ते मला सगळ्यात आवडतं, तेव्हा जरा खोलात जाते.

अमेरिकेत सरकारी मोजणी चौकोनांत होते. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. पण तलाव चौकोनात बसत नाही. मग मोजणीदार काठाकाठानं चालतो आणि तुटक तुटक सरळ रेषांनी काठ नकाशावर उतरवतो. ती 'मिअँडर लाइन'. सर्वसाधारण नियम असा, की काठच्या मालकाची हद्द ती रेषा नसून खुद्द पाणी. पाणी हललं की हद्द हलते. मॅल्ह्यूरचं पाणी हललंच. १८८१ मध्ये तलावाचा वाळूचा नैसर्गिक बांध फुटला, पाणी शेजारच्या हार्नी तलावात गेलं आणि हजारो एकर काळी कसदार जमीन उघडी पडली. आमच्याकडे कृष्णाकाठी मळीच्या जमिनीवरून पिढ्यान् पिढ्या डोकी फुटतात, तोच मामला! काठची जमीन आपली, म्हणून उघडी पडलेलीही आपलीच, असं फ्रेंचचं म्हणणं. ही सरकारी जमीन, आम्ही वसाहतवाले, आम्ही घरं बांधली, असं दुसऱ्या बाजूचं. फ्रेंचनं त्यांना हुसकवायला दावे लावले. अखेर १९०२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. मोजणीच्या रेषेपाशी तलावच नव्हता असं ज्यूरीनं ठरवलं होतं, मग हद्द रेषेपाशीच थांबली.

तो निकाल ऐकायला फ्रेंच नव्हता. १८९७ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, एड ऑलिव्हर नावाच्या वसाहतवाल्यानं त्याला गोळी घातली. वाद कशाचा होता माहितीय? वहिवाटीच्या रस्त्याचा. ऑलिव्हरच्या जमिनीला फ्रेंचच्या जमिनीचा वेढा, जायचं-यायचं तर त्याच्या कुंपणातून. सांगलीत असताना वहिवाटीच्या रस्त्याच्या फायली मी इतक्या बघितल्या होत्या, की ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात परकं काही वाटलंच नाही. ऑलिव्हरवर खटला चालला आणि ज्यूरीनं स्वसंरक्षण म्हणून त्याला सोडलं. त्या भागात फ्रेंचबद्दल काय वाटत होतं, ते त्या निकालातून कळतं. आणि फ्रेंचच्या माणसांना काय वाटत होतं, ते आजही त्याच्या नावाच्या गावातून, फ्रेंचग्लेनमधून कळतं. कुणाच्या नातवाला विचारता त्यावर तुमचं उत्तर ठरेल. दोन्ही बाजूंचं ऐका.

इथवरची गोष्ट तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात कमीजास्त मिळेल. आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्व ऑरेगनमधल्या एका जमिनीचा शोध मी पूर्ण केला. मालकांची साखळी मागे मागे नेत पहिल्या कागदावर आले: पेटंट, म्हणजे सरकारनं पहिल्या खाजगी मालकाला दिलेली सनद. देणारा 'युनायटेड स्टेट्स'. मी खाली लिहिलं, 'मूळ मालक: सरकार', आणि फाइल बंद केली. माझ्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं आणि पेन्सिलीनं बाजूला एवढंच लिहिलं: 'सरकारला कुणी दिली?' आपल्याकडे फेरफाराला निदान कारण लिहावं लागतं. वारसानं, खरेदीनं, बक्षीसपत्रानं. इथे पहिल्याच ओळीला कारण नव्हतं.

हार्नीत ते कारण असं आहे. या खोऱ्यात हजारो वर्षांपासून उत्तरी पायूट हे आदिवासी लोक राहत होते. १८७२ मध्ये, म्हणजे फ्रेंच आला त्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशानं त्यांच्यासाठी मॅल्ह्यूर रिझर्व्हेशन राखून ठेवलं गेलं, सुमारे १८ लाख एकर. आसपासच्या रँचवाल्यांची गुरं त्यात घुसायची. पॅरिश नावाचा सरकारी एजंट लोकांशी बरा वागला. १८७६ मध्ये त्याला काढून राइनहार्ट आणला, आणि धान्य-मजुरीवरून रोजचे खटके सुरू झाले. सारा विनेमका ही पायूट बाई तिथे दुभाषी होती. तिनं हे सगळं १८८३ मध्ये स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं. १८७८ मध्ये बॅनॉक जमातीचा उठाव झाला, काही पायूट त्यात ओढले गेले, बरेच नव्हते. शिक्षा सरसकट झाली. जानेवारी १८७९ मध्ये पाचशेच्या वर माणसांना, बायका-मुलांसकट, बर्फातून सुमारे साडेतीनशे मैल दूर वॉशिंग्टन राज्यातल्या याकामा रिझर्व्हेशनला चालवत नेलं. काही पुरुषांच्या पायांत बेड्या होत्या. मागे रिकामं झालेलं रिझर्व्हेशन काही वर्षांत सार्वजनिक जमीन म्हणून खुलं झालं. सरकारकडे ती आली ती अशी. त्यानंतरचे सगळे कागद स्वच्छ आहेत.

काही कुटुंबं हळूहळू परत आली, त्याच रँचवर वैरण कापायला, धुणीभांडी करायला. बर्न्स पायूट जमातीला सरकारी मान्यता मिळाली १९६८ मध्ये, आणि १९७२ मध्ये काउंटीचं मुख्य गाव असलेल्या बर्न्सजवळ स्वतःची जागा, ७७१ एकर. १८ लाखांवरून ७७१. जुन्या रिझर्व्हेशनची भरपाई वंशजांना माणशी हजार डॉलरपेक्षाही कमी पोचली.

म्हणून फ्रेंच भला की बुरा यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं: फ्रेंच आणि ऑलिव्हर ज्या जमिनीसाठी भांडले, तिच्यावर पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत दोघांचाही कागद नव्हता.

पुढचं जरा भरभर सांगते. १८८९ मध्ये ग्रँट काउंटीतून हार्नी वेगळी निघाली. त्यामुळे त्याआधीचे कागद कुणी विचारले तर ग्रँटच्या दप्तरातही बघावं लागतं. १९०९ च्या कायद्यानं ३२० एकरांचे दावे खुले झाले आणि कॅटलो खोऱ्यात कोरडवाहू गहू पिकवायला माणसं लोटली. पाऊस नव्हताच. पंधरा-वीस वर्षांत घरं सोडून गेली. बास्क मेंढपाळ स्पेनच्या डोंगरांतून आले. स्टीन्सवरच्या ॲस्पनच्या झाडांच्या सालीवर त्यांनी चाकूनं कोरलेली नावं अजून सापडतात. बॉयसीत तर एक अख्खा बास्क ब्लॉक आहे, मुलीला विचारा, ती तिथे जेवून आली असेल. १९३४ च्या चराई कायद्यानं फिरत्या कळपांवर गदा आली. ज्याच्याजवळ स्वतःची पायाखालची जमीन आणि पाणी, त्यालाच सरकारी माळावर चराईचा परवाना. पुन्हा तेच गणित.

पक्ष्यांचं प्रकरण मात्र वेगळं. टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळ्यांची कत्तल झाली, म्हणून १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी मॅल्ह्यूर तलाव राखीव केला. १९३५ मध्ये सरकारनं फ्रेंचचं जुनं ब्लिट्झन खोरंही विकत घेऊन त्याला जोडलं. तुम्ही पी रँच बघाल ती आज या वन्यजीव रेफ्यूजच्या, म्हणजे अभयारण्याच्या, आत आहे. २०१६ च्या जानेवारीत काही सशस्त्र बाहेरच्या लोकांनी याच रेफ्यूजचं कार्यालय ४१ दिवस बळकावलं. 'ही जमीन मूळ मालकांना परत करा' अशी घोषणा होती, आणि मूळ मालक म्हणजे त्यांच्या मते रँचवाले. बर्न्स पायूट जमातीनं त्यावर जाहीर हरकत घेतली. माझ्या वरिष्ठ बाईंची पेन्सिल मला त्या आठवड्यांत फार आठवली.

आता प्रवासाचं. हे बरंचसं हवामानावर आणि तुमच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. बॉयसी ते बर्न्स साधारण तीन तास, वाटेत घड्याळ एक तास मागे जातं. स्टीन्सच्या माथ्याचा रस्ता बहुधा जूनअखेर-जुलैशिवाय उघडत नाही, तेव्हा त्याची आशा धरू नका. पेट्रोल बर्न्सलाच भरून घ्या. जूनमध्ये फ्रेंचग्लेनचे डास माणूस उचलून नेतील असे असतात. फ्रेंचग्लेनचं जुनं लाकडी हॉटेल राज्याच्या मालकीचं आहे, सगळे एका टेबलावर जेवतात. शाकाहारी असाल तर आधी फोन करून सांगा, नाहीतर बटाट्यावर रात्र काढाल.

पहिल्या दिवशी बर्न्सचं संग्रहालय आणि ग्रंथालयातली वेस्टर्न हिस्टरी रूम बघा. तिथे जुन्या रहिवाशांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. तुम्हाला माझ्यासारखं कागदांचं वेड असेल तर केंद्र सरकारच्या 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स' या संकेतस्थळावर मूळ सनदा आणि मोजणीचे नकाशे फुकट दिसतात. घरी बसून एखादा सेक्शन शोधून बघा, मजा येते. जाताना क्रेन गावातली शाळा दिसेल. सरकारी हायस्कूल, पण मुलं आठवडाभर वसतिगृहात राहतात, कारण रँचपासून रोज ये-जा करणं शक्य नाही. तीही वारशातच धरा.

दुसऱ्या दिवशी पी रँच. मुख्य घर १९४७ मध्ये जळालं. उरलीय एकटी चिमणी, लांबलचक गोठा, आणि कापलेलं जनावर वर ओढायचा लाकडी रहाट. कुरणांत वैरण कापलेली असेल तर बघा, गंजी रचलेली नसते. जागच्या जागी छोटे ढीग सोडतात आणि हिवाळ्यात गुरं नाकानं बर्फ सारून ते खातात. नेणारी-आणणारी माणसं कमी, म्हणून ही युक्ती.

आणि मग तुमचा 'गोठा', फ्रेंचचा राउंड बार्न. शंभर फूट व्यासाची गोल इमारत, आत साठ फूट व्यासाचं दगडी रिंगण, आणि त्याच्याभोवती फिरती गोल वाट. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना घोडे आत त्या वाटेवर फिरवून शिकवायचे. गोल अशासाठी, की घोड्याला कोपरा सापडला की तो तिथे अडून बसतो. मध्ये जुनिपरचा पस्तीस फुटी खांब, त्याच्याभोवती तसेच वेडेवाकडे, फांद्यांच्या खुणा राखलेले खांब. रंधा कुठेही नाही. खांबांना हात लावून बघा. हे सगळं ज्यांच्यासाठी बांधलं ते घोडे शिकवणारे बहुतेक व्हाकेरोच. तुमच्या वाड्यात सुतारानं नाव कोरलंय का हो कुठे? इथेही नाही.

वाड्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून शेवटी एक गंमत. या खोऱ्यातल्या पायूटांचं स्वतःचं नाव 'वाडाटिका'. वाडा म्हणजे मॅल्ह्यूर तलावाच्या खारट काठावर उगवणारं एक झुडूप, त्याचं बारीक काळं बी ते दळून खायचे. वाडाटिका म्हणजे वाडा खाणारे. आपल्या शब्दाशी संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. तुम्ही जाल तेव्हा झुडपं लहान असतील, बी शरदात धरतं. तोडू मात्र नका, रेफ्यूजमध्ये मनाई आहे.